तेल, शेक आणि हालचाल : अंगदुखीवरच्या उपचाराची गोष्ट



आपल्या चौलमध्ये हमामखान्याचे पडके अवशेष आहेत. हमाम म्हणजे गरम पाण्याचं आणि वाफेचं न्हाणीघर. चौल हे फार जुनं बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्दींच्या लिखाणात त्याचं नाव सापडतं. दहाव्या शतकात अरब प्रवासी इथे येऊन गेले, पंधराव्या शतकात रशियाचा अफानासी निकितिन आला. पुढे निजामशाही आली, पोर्तुगीज आले, मग मराठ्यांचा अंमल झाला. अशा या राबत्या गावात अंगाला ऊब देण्यासाठी खास इमारत बांधलेली होती. थकल्या अंगाला गरम पाणी बरं वाटतं हे सांगायला तेव्हाही डॉक्टर लागत नव्हता.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत. सांधे धरलेली माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या जात आली. घराघरांत बाळंतिणीला तेल लावणं आणि शेकशेगडी ही रीत आहे. कंबर धरली की निर्गुंडीचा पाला गरम करून बांधायचा, हे आपल्या आज्यांना पाठ होतं. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांतही अभ्यंग म्हणजे तेल लावणं आणि स्वेदन म्हणजे शेक देऊन घाम काढणं सांगितलेलं आहे.

म्हणजे तेल आणि शेक या दोन गोष्टी आपल्याकडे होत्याच. आज आम्ही तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. ती म्हणजे मोजूनमापून, शिकून, ठरवून केलेली हालचाल. तिलाच आज फिजिओथेरपी म्हणतात. ही विद्या कुठून आली, आपल्या मुंबईत कशी रुजली आणि आपल्या कंबरेला, गुडघ्याला तिचा काय उपयोग, ते पाहू. या गोष्टीत जागोजागी बायाच भेटतात, म्हणूनही ती आपण ऐकायला हवी.

आपलं दुखणं कुठून येतं

आधी आपल्या कामाकडे बघू या. आषाढात भाताची लावणी करायची म्हणजे घोट्याच्या वर चिखलात उभं राहून दिवसभर वाकायचं. पाय रुतलेले, कंबर दुमडलेली, एका हातात रोपांची मूठ. कोळणीच्या डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर मासळीची पाटी, मानेवर सगळा भार. वाडीत सुपारी सोलायची, झापं विणायची, झावळीचे हीर काढून खराटे बांधायचे, हे सगळं जमिनीवर बसून, पाय मुडपून, तासन्‌तास. घरी आल्यावर विळी, चूल, धुणं, पाणी, केर. तेही वाकून नाहीतर उकिडवं बसून.

यातलं कुठलंच काम वाईट नाही. अंगाला त्रास होतो तो एकाच तऱ्हेने, न थांबता, वर्षानुवर्षं तेच करण्याचा. काही स्नायू सतत ताणलेले राहतात, काही वापरच नसल्यामुळे ढिले पडतात. मग सगळा भार सांध्यावर येतो. चाळिशी ओलांडली की गुडघा बोलू लागतो. दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना धाप लागते, पण उतरताना गुडघा कळवळतो. मग एखादी काकी म्हणते, "यंदा जत्रेला मी खालूनच हात जोडले गो."

आणि आपण सगळ्याच म्हणतो, बाईमाणसाचं दुखायचंच. आजच्या बोलण्याचं मूळ कारण हे वाक्य आहे. दुखणं हा आपल्या जन्माचा भाग आहे असं एकदा धरलं की बाई उपचार शोधत नाही. फार तर दुकानातून दुखण्याची गोळी मागवते. अशी गोळी विचारल्याशिवाय रोज घेत राहिलं तर पोटात जखम होऊ शकते, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय ढिला पडलेला स्नायू गोळीने बळकट होत नाही.

चार परिचारिकांनी धरलेला हट्ट

हालचाल हा उपचार आहे, हे शिस्तीने शिकवायची सुरुवात युरोपात झाली. स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात १८१३ साली पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायामाची संस्था काढली. तिथे निरोगी माणसांबरोबर आजारी माणसांसाठीही व्यायाम बसवले गेले. कोणता सांधा, कोणती दिशा, किती जोर, किती वेळा, हे ठरवून.

पुढची पायरी लंडनची, १८९४ सालची. त्या काळी तिथे मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालत आणि वर्तमानपत्रांत त्याचा बोभाटा झाला होता. प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या बायकांचीही त्यात बदनामी होत होती. तेव्हा चार परिचारिका एकत्र आल्या आणि त्यांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. शिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, नियम पाळायचे. कामाची इज्जत आपणच राखायची, हा त्यांचा हट्ट. इंग्लंडमधल्या फिजिओथेरपिस्टांची आजची मोठी संस्था त्याच चौघींच्या संस्थेतून वाढली.

मग पहिलं महायुद्ध झालं. हजारो जखमी सैनिक घरी परतले. जखमा भरल्या, पण हातपाय आखडले. त्यांना पुन्हा उभं करण्याच्या कामासाठी इंग्लंडात आणि अमेरिकेत बायकांना मुद्दाम शिकवून तयार केलं गेलं. आजवर "थोडं चोळून देणं" समजलं जाणारं काम आता रुग्णालयात जाऊन बसलं.

तिसरी बाई ऑस्ट्रेलियाची, एलिझाबेथ केनी. ती खेड्यापाड्यांत काम करणारी परिचारिका. त्या वेळी पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांचे हातपाय पट्ट्या आणि प्लास्टर घालून महिनोन्‌महिने जखडून ठेवत. केनी उलट करायची. लोकरीचे कपडे गरम पाण्यात बुडवून, पिळून ती दुखऱ्या स्नायूंवर शेक द्यायची आणि मग हलक्या हाताने मुलाचा पाय हलवायची, मुलालाही हलवायला शिकवायची. अनेक डॉक्टर तिच्यावर चिडले. पण १९४० साली ती अमेरिकेत गेली, तिथे तिचं काम लोकांनी पाहिलं आणि जखडून ठेवण्याची पद्धत हळूहळू मागे पडली. तिची सगळीच मतं पुढे टिकली नाहीत. टिकली ती एक गोष्ट : सांधा आणि स्नायू नुसते बांधून ठेवले तर ते आणखी बिघडतात.

मुंबईत हे कसं आलं

आता आपल्या बाजूला येऊ. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत पोलिओने कितीतरी मुलं अधू होत होती. फातेमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळीत वावरलेल्या बाई. त्यांच्या धाकट्या मुलीला पोलिओ झाला. मुंबईत धड उपचार मिळेना, म्हणून त्या लेकीला घेऊन मद्रासला डॉक्टर किणी यांच्याकडे गेल्या. तिथे व्यायामाने आणि नेटाच्या उपचाराने मुलगी सुधारली. एखादी आई तिथेच थांबली असती. फातेमाबाईंनी मात्र परत येऊन १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्याच कामातून पुढे हाजी अलीला मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसऱ्या कमलाबाई निंबकर. जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. मराठी घरात लग्न करून आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेला त्यांचंच नाव आहे. त्यांनी १९५० साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजच्या कामांतून आणि कामांसाठी उपचार. हात अधू झाला तर घास कसा घ्यायचा, केस कसे विंचरायचे, आपलं काम पुन्हा कसं करायचं, हे शिकवणं. कामाला अंग जुळत नसेल तर काम अंगाला जुळवून घ्यायचं, हा त्यातला विचार. तो आपण लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

त्यानंतर १९५२-५३ मध्ये त्याच के.ई.एम. रुग्णालयात भारतातली फिजिओथेरपीची पहिली शाळा निघाली. सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती काढली. निमित्त होतं पोलिओचं. १९५५ साली हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली. आपल्याकडची माणसं अजूनही मोठ्या दुखण्याला रेवसची लाँच नाहीतर एस.टी. धरून के.ई.एम. गाठतात. देशातली ही विद्या त्याच आवारातून सुरू झाली, हे किती जणींना ठाऊक असेल?

पुढे लस आली. "दो बूंद"चे दिवस आपण सगळ्यांनी पाहिले. १३ जानेवारी २०११ ला भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजारासाठी ही विद्या आली तो गेला. विद्या मात्र राहिली, आणि आता ती लागते कंबरेसाठी, गुडघ्यासाठी, खांद्यासाठी, लकव्यानंतर उभं राहण्यासाठी, हाड मोडून जुळल्यावर हात सरळ होण्यासाठी.

"पडून राहा" हा सल्ला कसा बदलला

कंबर धरली की पडून राहा, हा सल्ला आपल्या आज्यांनाही मिळत होता आणि डॉक्टरही तोच देत होते. १९८६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. दोन दिवसवाल्यांचं काही बिघडलं नाही, उलट त्यांचे कामाचे खाडे कमी पडले. त्यानंतर असे बरेच अभ्यास झाले. आज साध्या कंबरदुखीला जगभर हेच सांगतात, की सोसेल तेवढं हिंडतंफिरतं राहा.

असं का? आपण म्हणतो, "गुडघ्यातलं वंगण संपलं." सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भोवतीच्या पाण्यासारख्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि सांधा हलला, दाबला, सुटला की तो द्रव आतबाहेर होतो. ओलं फडकं दाबून सोडावं तसं. बाहेरून लावलेलं तेल सांध्याच्या आत जात नाही. तेल चोळल्याने कातडीला आणि स्नायूंना सैल वाटतं, शेकाने दुखणं कमी होतं, आणि तेही हवंच. पण ती वेळ हालचाल करून घ्यायची असते. शेकून झालं आणि पुन्हा पडून राहिलं, तर अर्धं काम झालं.

दुसरी बाजू स्नायूंची. गुडघ्याचा भार मांडीचे स्नायू पेलतात. कंबरेचा भार पोटाचे, पाठीचे, नितंबांचे स्नायू पेलतात. ते बळकट असले की सांध्यावरचा ताण हलका होतो. कुणी म्हणेल, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला? राबण्यात जे स्नायू दमतात तेच पुन्हा दमतात आणि जे ढिले ते ढिलेच राहतात. व्यायामात नेमकं उलट बाजूला काम द्यायचं असतं.

फिजिओथेरपिस्ट काय करतात

पुष्कळ जणींना वाटतं, तिथे मशीन लावतात आणि बरं होतं. मशीनचा शेक किंवा हलका विजेचा झटका दुखणं थोडा वेळ कमी करायला मदत करतो. खरं काम वेगळं आहे. आधी ते विचारतात, कधीपासून दुखतं, काय केलं की वाढतं, दिवसभर काम काय करता. मग चालायला, वाकायला, बसून उठायला लावतात. कुठला स्नायू कमी पडतो, कुठला सांधा अडतो, ते हाताने तपासतात. आणि मग तुमच्यापुरते चार-पाच व्यायाम बसवून देतात. ते घरी रोज करायचे. गुण लगेच दोन दिवसांत येत नाही, स्नायू कमावायला आठवडे लागतात.

साधारण कुठले व्यायाम असतात, ते ऐका.

गुडघ्यासाठी : ओट्यावर किंवा खुर्चीवर बसा. एक पाय हळूहळू सरळ करा, मांडी ताठ करा, पाच आकडे मोजा, हळू खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरलं तरी गुडघ्याला आराम पडतो.

कंबरेसाठी : पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीला टेकवा. कंबर हळूच वर उचला, पाच मोजा, खाली घ्या. झेपेल तेवढ्या वेळा.

खांदा जखडला असेल तर : भिंतीसमोर उभ्या राहा आणि बोटांनी भिंतीवर वर चढत जा, मुंगी चढते तशी. आज जिथवर पोचलात तिथे कोळशाने खूण करा. खांदा जखडणं मधुमेह असलेल्यांत जास्त दिसतं, म्हणून साखरही तपासून घ्या.

एक नियम सगळ्यांना लागू. व्यायाम करताना थोडं दुखलं, ताणल्यासारखं वाटलं तर चालेल. पण दुखणं वाढलं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर तो व्यायाम कमी करा आणि विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी आपण एकमेकींनाही सांगत नाही. बाळंतपणानंतर किंवा वय वाढल्यावर खोकताना, शिंकताना, पाटी उचलताना लघवी निसटते. हेही ओटीपोटाखालचे स्नायू ढिले पडल्यामुळे होतं आणि त्यालाही व्यायाम आहे. हे लपवायचं दुखणं नाही.

इथे थांबू नका

काही दुखणी व्यायामाची नसतात. पाठ दुखते आणि ताप येतो, वजन उतरतं. पायातली शक्ती जाते. जांघेत बधिरपणा येतो किंवा लघवी-शौचावर ताबा राहत नाही. पडल्यावर, मार लागल्यावर दुखू लागतं. एखादा सांधा लाल, गरम होऊन सुजतो. सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडलेले राहतात आणि असं आठवडेच्या आठवडे चालतं. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखते. यातलं काहीही असलं तर आधी डॉक्टरांकडे जायचं. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पोटरी अचानक सुजली तर त्याच दिवशी.

गटात बसून ठरवू या

कमलाबाईंचा तो विचार आठवतो ना? काम अंगाला जुळवून घ्यायचं. हे आपल्या हातात आहे. सुपारी सोलायला, मासळी साफ करायला कंबरेच्या उंचीची फळी किंवा मेज गावातला सुतार करून देईल. गटाने मिळून एक केलं तर आळीपाळीने वापरता येईल. लावणीत दर अर्ध्या तासाला बांधावर येऊन सरळ उभं राहायचं, कंबरेवर हात ठेवून मागे झुकायचं, पाच वेळा. एकीने आठवण करायची, सगळ्यांनी करायचं. पाटी उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे वाकवायचे, ओझं अंगाजवळ धरायचं आणि दोघींनी मिळून चढवायचं. मोठ्या एका पाटीपेक्षा लहान दोन खेपा बऱ्या.

उपचार कुठे मिळेल? २०१०-११ पासून ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय असावी अशी तरतूद आहे. आपलं जिल्हा रुग्णालय अलिबागला. केसपेपर काढताना फिजिओथेरपीचे वार आणि वेळ विचारून घ्या, म्हणजे एस.टी.चं भाडं वाया जाणार नाही. व्यायाम नीट शिकून घ्या, शक्य असेल तर लेकीला किंवा सुनेला बरोबर न्या, म्हणजे घरी चुकलं तर ती सांगेल. खाजगी ठिकाणी जात असाल तर शिक्षण काय आणि महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारायला लाजू नका. लंडनच्या त्या चौघींनी शिक्षणाचा आणि परीक्षेचा हट्ट धरला तो याचसाठी.

आणि ग्रामसभेत मागणी करता येईल, की महिन्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट आपल्या आरोग्य केंद्रात यावेत. एका बाईने मागितलं तर कानाआड होईल. पाच गटांनी सह्या करून दिलं तर उत्तर द्यावं लागेल.

८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. १९५१ साली याच दिवशी वेगवेगळ्या देशांच्या फिजिओथेरपी संस्था एकत्र आल्या होत्या. त्या सुमाराला लावणीचा घायटा संपलेला असतो आणि कंबर आठवण करून देत असते. त्या आठवड्यात गटाची बैठक लागली की हिशेबाची वही उघडण्याआधी दहा मिनिटं हे व्यायाम करा. ज्या काकी, ज्या आजी "आता या वयात काय" म्हणतील, त्यांना पुढे बसवा. कमजोर स्नायू कुठल्याही वयात बळकट होतो, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच.

तेल लावा, शेक घ्या. आणि त्यानंतर उठून हालचाल करा. भेटू या पुढच्या भागात.